पहिली नेमणूक : परिचारिकेच्या सेवारंभाचा इतिहास आणि मंडळीचे कर्तव्य

रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण बहुधा घाईने वाचतो. सिद्धान्त संपला, बोध संपला, आता केवळ सलाम उरले आहेत, अशी आपली समजूत असते. परंतु त्या अध्यायाची पहिली दोन वचने म्हणजे वस्तुतः एक शिफारसपत्र आहे. किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी ही रोमसारख्या परक्या महानगराकडे निघाली आहे. प्रेषित पौल तेथील मंडळीजवळ तिच्यासाठी दोन गोष्टी मागतो : पवित्र जनांना शोभेल असा तिचा स्वीकार व्हावा, आणि ज्या ज्या कामी तिला त्यांची गरज पडेल त्या त्या कामी तिला साहाय्य मिळावे. कारणही तो तेथेच सांगतो. तिने स्वतः पुष्कळांना, आणि खुद्द पौलालाही, आधार दिलेला आहे. तेव्हा ही एखाद्या याचकाची शिफारस नव्हे. इतरांना आधार देणारी स्त्री नव्या ठिकाणी पाऊल ठेवते तेव्हा तिलाही आधार लागतो, हे पौल जाणतो. आणि तो आधार देणे हे मंडळीचे काम आहे, असे तो मानतो.

ही वचने आम्हांस आठवली ती एका निराळ्या निमित्ताने. बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद, गोवे येथील आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांतून दरवर्षी अनेक मुली, आणि अलीकडे मुलगेही, परिचर्येचे शिक्षण पुरे करून बाहेर पडतात. निकाल लागतो, परिषदेत नाव नोंदले जाते, उपासनेत आभारप्रार्थना होते. आणि मग पहिल्या नोकरीचा शोध सुरू होतो. ह्या शोधात ती मुलगी बहुधा एकटी असते. असे नेहमीच होते काय? नवशिक्षित परिचारिका आपल्या पहिल्या जागेवर आजवर कोणाच्या शब्दावर गेली, कोणाच्या आधाराने उभी राहिली, आणि त्या आधाराचे मोल तिला काय द्यावे लागले, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ह्या इतिहासात तिला आधार देणारा हात आणि तिला बांधून ठेवणारा हात हा पुष्कळदा एकच होता, असे आढळून येते. म्हणून हा इतिहास केवळ गौरवाने सांगून भागणार नाही.

१. मातृगृहाची पद्धत

आधुनिक परिचर्येचा उगम सांगताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांचे नाव प्रथम घेतले जाते व ते योग्यच आहे. तथापि त्या स्वतः जेथे शिकावयास गेल्या ते ठिकाण एका लहानशा मंडळीच्या पाळकाने उभारलेले होते, ही गोष्ट आपल्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी कायझर्सवेर्थ नावाचे गाव आहे. तेथील मंडळीचा पाळक थिओडोर फ्लीडनर हा १८२२ साली कामावर आला आणि थोड्याच काळात गावातील मखमलीचा कारखाना बुडाला. मंडळीचे उत्पन्न आटले. पैसा गोळा करण्यासाठी तो हॉलंड व इंग्लंड येथे हिंडला. त्या प्रवासात त्याने तुरुंग पाहिले, रुग्णालये पाहिली, आणि दुःखितांच्या सेवेत स्त्रियांचे हात किती उणे आहेत हे त्याला कळून आले. १८३६ साली त्याने आपली पत्नी फ्रीडरिके हिच्या साहाय्याने सेविकांची संस्था काढली. तिची पहिली सेविका गेर्ट्रूड रायखार्ट ही एका वैद्याची मुलगी होती.

ह्या संस्थेला मातृगृह म्हणत. शिक्षण पुरे झालेल्या सेविकेला नोकरी शोधावी लागत नसे. कोणते रुग्णालय, कोणते गाव, कोणती मंडळी, हे मातृगृह ठरवी. सेवेचा मोबदला मातृगृहाकडे जाई. सेविकेला अन्न, वस्त्र, निवारा आणि किरकोळ खर्चापुरती रक्कम मिळे. तिने पाच वर्षांच्या सेवेचे वचन दिलेले असे. आजारपणात व वृद्धापकाळी मातृगृह तिला सांभाळी. १८४६ साली लंडनच्या जर्मन रुग्णालयात आणि १८५१ साली यरुशलेमेत ह्याच गृहाच्या सेविका गेल्या. अविवाहित स्त्रीने एकटीने परदेशी जाऊन काम करावे, ही त्या काळी कल्पनेतही न येणारी गोष्ट. परंतु ती 'एकटी' नव्हतीच. तिच्या मागे एक घर होते, आणि पुढे तिची वाट पाहणारी बहीण-सेविका होती.

मात्र त्या घराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सेविकेला स्वतःचे वेतन नव्हते. जागेची निवड नव्हती. विवाह करावयाचा तर गृह सोडावे लागे. सुरक्षितता आणि पराधीनता ह्या दोन्ही गोष्टी तिला एकाच दारातून मिळत.

२. नाइटिंगेल फंड आणि लिव्हरपूलच्या बारा जणी

नाइटिंगेल ह्या १८५१ साली सुमारे तीन महिने कायझर्सवेर्थ येथे राहिल्या. पुढे क्रिमियाच्या युद्धातील त्यांच्या कामगिरीबद्दल कृतज्ञता म्हणून जनतेने सुमारे ४४ हजार पौंडांचा निधी जमविला, आणि त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचर्येचे विद्यालय निघाले. येथे व्रताची जागा व्यवसायाने घेतली. उमेदवार स्त्रीला शिक्षणाच्या वर्षात राहण्याजेवण्याची सोय व १० पौंड विद्यावेतन मिळे. परंतु शिक्षणानंतर काही वर्षे फंड पाठवील त्या रुग्णालयात तिने काम केले पाहिजे, असा करार आरंभीच लिहून घेतला जाई. म्हणजे पहिली नेमणूक येथेही तिच्या हाती नव्हती.

ह्या नेमणुका कशा असत? १८६५ साली लिव्हरपूल येथील अनाथ-कंगालांच्या प्रचंड रुग्णालयात ॲग्नेस जोन्स ह्या पर्यवेक्षिकेच्या हाताखाली नाइटिंगेल विद्यालयातील बारा परिचारिका पाठविण्यात आल्या. विल्यम रॅथबोन ह्या व्यापाऱ्याने खर्चाचा भार उचलला होता. तोवर त्या रुग्णालयात रोग्यांची शुश्रूषा त्याच कंगालगृहातील स्त्रिया करीत. त्यांना ना शिक्षण होते, ना शिस्त. अशा जागी नव्याने शिकून आलेल्या बारा जणींनी शेकडो रोग्यांचा भार घेतला. तीन वर्षांच्या आत, १८६८ साली, ॲग्नेस जोन्स टायफस ज्वराने निवर्तल्या. त्या अवघ्या ३५ वर्षांच्या होत्या.

ह्या घटनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, नवशिक्षित परिचारिकांना एकेक करून निरनिराळ्या ठिकाणी न सोडता गटाने, आणि अनुभवी पर्यवेक्षिकेसह पाठवावे, हे त्या पद्धतीचे मर्म होते. नाइटिंगेल ह्या दूरच्या पर्यवेक्षिकांना पत्रे लिहीत आणि १८७२ पासून विद्यालयातील उमेदवारांना उद्देशून वेळोवेळी विस्तृत बोधपत्रे लिहीत. नेमणूक केली म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी मानले नाही. दुसरी गोष्ट अशी की, अत्यंत अवघड जागा सर्वांत नव्या माणसांच्या वाट्याला येते. तेव्हाही असे होते, आणि आजही रात्रपाळीचा तक्ता पाहिला तर हेच दिसेल.

३. आपल्याकडील आरंभ

मुंबईत स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी कामा रुग्णालय १८८६ साली उघडले, आणि डॉ. एडिथ पीची ह्यांनी तेथे परिचारिकांच्या शिक्षणास चालना दिली. सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात १८९१ साली शिकावयास आलेल्या बाई काशीबाई गणपत ह्यांचे नाव भारतीय परिचर्येच्या इतिहासात पहिल्या भारतीय विद्यार्थिनींपैकी म्हणून नोंदले गेले आहे. परंतु एकंदरीत ह्या व्यवसायाकडे सुस्थित हिंदू व मुसलमान घरांतील मुली येत नसत. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे, पुरुष रोग्यांत वावरणे, रात्री घराबाहेर राहणे, ह्या तिन्ही गोष्टी तेव्हाच्या समाजाला असह्य होत्या.

ही पोकळी भरून काढली ती प्रामुख्याने ख्रिस्ती मुलींनी. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन भीषण दुष्काळांत शेकडो मुली अनाथ झाल्या व मिशनांच्या आश्रयास आल्या. पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात मध्य प्रांतातून व गुजरातेतून आणलेल्या मुली होत्या, आणि त्यांना स्वावलंबनासाठी नाना उद्योग शिकविले जात. रोग्यांची शुश्रूषा हाही त्यांपैकी एक. इंदुरास कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनतर्फे डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ साली व डॉ. मॅरियन ऑलिव्हर १८८६ साली आल्या आणि स्त्रियांच्या रुग्णालयाचा पाया घातला गेला. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केले. मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन. त्यामुळे दक्षिण महाराष्ट्राबरोबरच बेळगावकडील रोगीही तेथे येत. रुग्णालय म्हटले की परिचारिका लागणार, आणि त्या बाहेरून मिळत नाहीत म्हटल्यावर आपल्याच शाळांतील व अनाथगृहांतील मुलींना शिकविणे मिशनांना भाग पडले.

ह्या मुली मुख्यतः कोणत्या घरांतल्या होत्या, हे आपण संकोच न धरता सांगितले पाहिजे. त्यांच्यात विधवा होत्या, अनाथ होत्या, आणि गावच्या विहिरीवर पाणी भरण्याची ज्यांना मनाई होती अशा घरांतल्याही पुष्कळ होत्या. त्यांच्याच हातून उच्चवर्णीय रोगी औषध घेऊ लागला, त्यांनाच 'सिस्टर' म्हणून हाक मारू लागला. समाजसुधारणेच्या इतिहासात ह्या क्रांतीची नोंद फार थोडी झाली आहे. व्याख्यानांनी जे साधले नाही ते पांढऱ्या गणवेशातील ह्या मुलींनी खाटेशेजारी उभे राहून साधले.

मिशनच्या पद्धतीत पहिल्या नोकरीचा शोध असा नव्हताच. अर्ज नाही, मुलाखत नाही. शिक्षण त्याच रुग्णालयात झालेले असे. डॉक्टर, मेट्रन आणि मिशनरी एकत्र बसून ठरवीत की ही येथेच राहील, ती दुसऱ्या ठाण्यावर जाईल. जी दुसऱ्या गावी जाई तिच्याजवळ मेट्रनचे पत्र असे, आणि तिच्या मंडळीच्या सभासदत्वाचे बदलीपत्रही असे. राहण्याची खोली तयार असे. पहिल्या रविवारी उपासनेत तिचे नाव पुकारले जाई. फीबीसाठी पौलाने मागितलेल्या दोन्ही गोष्टी, म्हणजे स्वीकार आणि साहाय्य, ह्या व्यवस्थेत अंतर्भूत होत्या.

परंतु तिचे मोल काय होते? वेतन तुटपुंजे होते, आणि अधिक मागणे हे सेवाभावाच्या विरुद्ध समजले जाई. वसतिगृहाचे फाटक ठरावीक वेळी बंद होई. मेट्रनचा शब्द अखेरचा होता, आणि ती मेट्रन दीर्घ काळपर्यंत बहुधा परदेशीय असे. 'आम्ही तुला वाढविले, आम्ही तुला शिकविले' हे वाक्य उच्चारले गेले नाही तरी हवेत असे. जिथे उपकार व नोकरी एकाच हातून मिळतात तिथे तक्रार म्हणजे कृतघ्नता ठरते. ज्या मिशनरी भगिनींनी स्वतःचे आयुष्य झिजविले त्यांच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु आदरापोटी ही बाजू झाकणे हे इतिहासलेखन होणार नाही.

४. सेवासदनचा धडा

आपल्या मंडळीबाहेर ह्याच प्रश्नाला तोंड देण्याचा एक थोर प्रयत्न पुण्यास झाला. सेवासदनच्या पुणे शाखेची स्थापना १९०९ साली झाली आणि रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली १९११ पासून हिंदू स्त्रिया, त्यांत विशेषतः विधवा, ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. उपहास झाला, निंदा झाली. रमाबाईंनी त्यांना केवळ उपदेश करून पाठविले नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र वसतिगृहाची सोय केली, सोबत दिली, आणि आपल्या नावाची व प्रतिष्ठेची सावली त्यांच्यावर धरली. एका मुलीवर लोक हसू शकतात. पाठीशी संस्था असलेल्या दहा जणींवर हसणे कठीण जाते. मिशनांनी जे केले तेच येथे निराळ्या नावाने घडले. व्यवसायाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या स्त्रीला धैर्याचा उपदेश पुरत नाही. तिला राहण्यास खोली लागते, बरोबर कोणी लागते, आणि तिच्यासाठी शब्द टाकणारे माणूस लागते.

५. शिफारसीकडून नोंदणीकडे

परिचारिकांनी स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे प्रयत्नही ह्याच काळात सुरू झाले. १९०५ साली लखनौ येथे परिचर्या-अधीक्षिकांची संघटना झाली, आणि १९०८ साली प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९३० साली ख्रिस्ती परिचारिकांचा स्वतंत्र संघही निघाला. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्य-भेटकऱ्या ह्यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला, आणि १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली.

ह्या रूक्ष वाटणाऱ्या कायद्यांचे महत्त्व मोठे आहे. नोंदणीपूर्वी परिचारिकेची पात्रता मेट्रनच्या पत्रात होती. मेट्रन प्रसन्न तर पत्र चांगले. नोंदणीनंतर ती पात्रता एका सार्वजनिक पुस्तकात लिहिली गेली, आणि तिचा नोंदणी क्रमांक तिच्या मालकीचा झाला. भूतदयेच्या आश्रयाला असलेली मुलगी येथे कायद्याच्या दृष्टीने व्यावसायिक बनली.

तरीही संख्या फारच अपुरी होती. सर जोसेफ भोर ह्यांच्या समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले, आणि परिचारिकांच्या राहणीची व कामाची स्थिती असमाधानकारक असल्याचे निदर्शनास आणले. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. 'नर्सिंग शिकलेली मुलगी' ही आता 'पदवीधर' झाली. विद्यापीठाच्या पदवीने तिला प्रतिष्ठा दिली; पण महाविद्यालय म्हणजे मातृगृह नव्हे. पदवीदान झाले की त्याचे काम संपते.

६. आजची उमेदवार

स्वातंत्र्यानंतर परदेशी साहाय्य हळूहळू आटत गेले. कित्येक मिशन रुग्णालये क्षीण झाली, काही बंद पडली. दुसरीकडे खाजगी परिचर्या महाविद्यालये वाढली. पूर्वी मुलगी विद्यावेतन घेऊन शिकत असे. आता कुटुंब कर्ज काढून शिकविते. म्हणून पहिल्या नोकरीवर केवळ तिचे नव्हे, सबंध घराचे लक्ष असते.

सरकारी जागा स्पर्धेने भरल्या जातात. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांसाठी २०२० पासून सामायिक भरती परीक्षा सुरू झाली. जिला ती साधत नाही ती खाजगी रुग्णालयाकडे वळते. तेथे पहिला प्रश्न अनुभवाचा. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, ह्या चक्रात सापडलेली मुलगी मिळेल त्या वेतनावर, मिळेल त्या अटीवर काम धरते. पुढच्या चांगल्या जागेसाठी किंवा परदेशासाठी अनुभवाचा दाखला लागतो, आणि तो देणे न देणे मालकाच्या हाती असते. मेट्रनच्या पत्राची जी सत्ता नोंदणीने मोडली होती ती अनुभवाच्या दाखल्याच्या रूपाने परत आली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

ह्याहून कठोर बंधन म्हणजे मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची चाल. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलीने मोठ्या शहरातील एका खाजगी रुग्णालयात पहिली नोकरी धरली. रुजू होताना तिची सर्व मूळ प्रमाणपत्रे 'तपासणीसाठी' ठेवून घेण्यात आली. आठ महिन्यांनी आईच्या दुखण्यामुळे तिला परतावे लागले, तेव्हा बाँडची रक्कम भरल्यावाचून ती मिळणार नाहीत असे उत्तर आले. अखेर त्याच शहरातील मंडळीतल्या एक निवृत्त मेट्रन तिच्याबरोबर त्या कार्यालयात गेल्या, शांतपणे खुर्चीवर बसल्या, आणि कागद घेऊनच उठल्या. कायदा त्या मुलीच्या बाजूने पूर्वीही होताच. तिला उणीव होती ती शेजारी बसणाऱ्या माणसाची.

ही एकटीची कहाणी नव्हे. बाँड व तुटपुंजे वेतन ह्यांविरुद्ध २०११ व २०१२ साली मुंबई, दिल्ली व केरळ येथे खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांनी संप केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये ह्या प्रश्नाची दखल घेऊन समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने शिफारस केली की २०० हून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेचे वेतन सरकारी परिचारिकेच्या बरोबरीचे असावे, आणि ५० हून कमी खाटा असल्या तरी ते महिना २० हजार रुपयांहून कमी नसावे. शिफारस झाली, तिची अंमलबजावणी राज्यांवर सोपविली गेली, आणि लहान रुग्णालयांतील पुष्कळ मुली अद्याप त्या आकड्याच्या पुष्कळ खाली आहेत.

परदेशगमनाचा मार्गही असाच निसरडा आहे. दलालांनी लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा केंद्र सरकारने २०१५ साली आखाती व इतर काही देशांसाठी परिचारिकांच्या भरतीवर निर्बंध घातले आणि ती ठरावीक सरकारी संस्थांमार्फत व्हावी असे ठरविले. हे आपल्या किती कुटुंबांना ठाऊक आहे?

७. सेवा आणि वेतन

येथे एका ईश्वरविद्याविषयक प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. 'सेवा' हा शब्द आम्हां ख्रिस्ती लोकांना प्रिय आहे. परंतु ह्या शब्दाचा उपयोग सेवा करणाऱ्याचा हक्क दडपण्यासाठी झालेला आहे, आणि कधी कधी तो आमच्याच संस्थांत झाला आहे, हे वरील इतिहासावरून स्पष्ट होते. प्रभूने सत्तर जणांना पाठविताना त्यांना थैली घेऊ नका असे सांगितले खरे. पण त्याच श्वासात कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे असेही सांगितले. पाचारण आणि वेतन ह्यांत शास्त्राला विरोध दिसत नाही. विरोध आहे तो दुसऱ्याच्या पाचारणावर आपला खर्च वाचविण्याला. जी परिचारिका योग्य वेतन मागते तिची श्रद्धा उणी पडली असे समजणारा पाळक फ्लीडनरचा वारस नव्हे.

तसेच, जुनी मिशन-व्यवस्था परत यावी अशी हळहळ करण्यातही अर्थ नाही. ती येणार नाही, आणि तिच्यातील पराधीनता येऊ नये. आधार आणि बंधन हे दोन्ही एकाच हाताने देण्याचा काळ गेला. मंडळीजवळ आता देण्यासारखी नोकरी क्वचितच असते. म्हणूनच ती काही परत न मागता आधार देऊ शकते. पौलाजवळ तरी रोममध्ये देण्यासारखी कोणती जागा होती? त्याने दिले ते पत्र, आणि पत्राच्या पलीकडे उभी असलेली मंडळी.

८. आपण काय करावे

परिचर्या विद्यालयांत दीपप्रज्वलनाचा समारंभ असतो तेव्हा पाळकाला प्रार्थनेसाठी आवर्जून बोलावतात. तीच मुलगी चार वर्षांनी करारपत्रावर सही करते तेव्हा तिच्याजवळ कोणी नसते. ह्या दुसऱ्या प्रसंगी हजर राहणे हे पहिल्याइतकेच धर्मसेवेचे काम आहे. त्यासाठी पैशाची नव्हे, थोड्या व्यवस्थेची गरज आहे.

प्रथमतः, चारित्र्याचा छापील दाखला देऊन आपले कर्तव्य संपले असे मानू नये. मुलगी ज्या शहरी जात आहे तेथील मंडळीच्या पाळकास स्वतंत्र पत्र लिहावे : ती कोण, कोठे काम करणार, कोठे राहणार, रात्रपाळीहून परतताना तिला काय अडचण पडेल. आपल्याकडे असे पत्र आले तर त्या मुलीला महिनाभराच्या आत घरी जेवावयास बोलवावे. पाळ्यांमुळे ती पुष्कळ रविवारी उपासनेस येऊ शकणार नाही. गैरहजेरी म्हणजे उदासीनता असे तिच्या बाबतीत समजू नये.

दुसरे असे की, बहुतेक प्रत्येक मोठ्या मंडळीत निवृत्त परिचारिका व मेट्रन आहेत. त्यांचा अनुभव स्वयंपाकघरात व नातवंडांत बंदिस्त राहिला आहे. त्यांच्यापैकी दोघीतिघींवर नवपदवीधरांना मार्गदर्शन करण्याची जबाबदारी मंडळीने रीतसर सोपवावी. करारपत्र सही करण्यापूर्वी त्यांना दाखवावे. मूळ प्रमाणपत्रे दाखवावयाची असतात, देऊन टाकावयाची नसतात, आणि साक्षांकित प्रती द्याव्यात, एवढी साधी गोष्ट त्यांनी वेळेवर सांगितली तरी कित्येक मुलींचा मनस्ताप वाचेल.

तिसरी गोष्ट आपल्या सीमाभागातील मंडळ्यांना विशेष लागू आहे. परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेत होते. बेळगावची मुलगी कर्नाटकात शिकून मिरजेस किंवा कोल्हापुरास नोकरी करू पाहील, इंदूरची मुलगी पुण्यास जाईल, तर तिला त्या दुसऱ्या राज्याच्या परिषदेतही नाव नोंदवावे लागते, आणि त्यासाठी पहिल्या परिषदेकडून ना-हरकत प्रमाणपत्र व पडताळणी लागते. ह्यात आठवडे जातात. निकाल लागताच ही तजवीज सुरू करण्यास तिला सांगावे. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा संमत केला आहे. त्यामुळे नियमांत बदल होऊ शकतील, तेही धर्मशिक्षकांनी समजून घेत राहावे. परदेशी नेण्याचे आश्वासन देणारा दलाल सरकारदरबारी नोंदलेला आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी पाहण्याचा आग्रह धरावा. तो दलाल मंडळीचा सभासद असला तरीही धरावा.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो असे प्रेषित पेत्र लिहितो. आपल्या बिशप-प्रांतांच्या, मिशनांच्या व धर्मसंघांच्या ताब्यात आजही रुग्णालये आहेत. तेथे नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला काय वेतन मिळते, तिच्यावर किती रोग्यांचा भार असतो, तिची प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात आहेत, हे प्रश्न त्या त्या कार्यकारी मंडळावर बसणाऱ्या आपल्या बांधवांनी पुढील बैठकीत विचारावे. उत्तर संकोच वाटण्याजोगे आले तर इतर रुग्णालयांकडे बोट दाखविण्यापूर्वी ते दुरुस्त करावे. अंतिम वर्षाचे निकाल लवकरच लागतील. तोपर्यंत प्रत्येक पाळकाने आपल्या मंडळीतील ह्या वर्षीच्या परिचर्या-पदवीधरांची नावे एका कागदावर लिहून काढावी, आणि प्रत्येक नावापुढे ती कोणत्या गावी जाणार व तेथे आपण कोणाला पत्र लिहिणार, हे नोंदवावे.